उताराने घडवलेला ब्रेक

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अक्कलकुवा सोडून मोलगीची वाट धरली की देवगोईचा घाट लागतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि मध्ये वळणावर वळण घेत चढणारा रस्ता. मोलगी हे सातपुड्यातल्या या भागाचे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या पाड्यांवरचा माल इथे येतो. भगर, आमचूर, चारोळी, मोहफुले अशी पोती इथून खाली सपाटीवर जातात. दिवाळी झाली की माणसेही मोठ्या संख्येने खाली जातात, गुजरातेत ऊसतोडीला आणि मजुरीला. वर जाताना गाडीत मीठ, तेल, कापड आणि सिमेंट असते, पण खाली येताना ती नुसती शिगोशिग भरलेली असते. या रस्त्याची खरी गोष्ट तीच आहे. चढाला गाडी थांबली तर ती नुसतीच थांबते, आणि मागे दगड लावला की झाले. उताराला थांबली नाही तर मात्र काय होते, ते सांगायला नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या चांदशैली घाटात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पुढच्याच महिन्यात देवगोई घाटात विद्यार्थ्यांना नेणारी बस दरीत कोसळली. प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असते आणि ते ठरवणे तपास करणाऱ्यांचे काम आहे. पण असे काही घडले की गॅरेजच्या बाकावर एक प्रश्न हमखास निघतो: गाडी जुनी, खिशात पैसे थोडे, मग ब्रेक चांगले करायचे तर पैसा नेमका कुठे घालायचा? नवीन पॅड घ्यायचे, की डिस्कच बदलायची? लायनर कंपनीचे घ्यायचे, की बाजारातले अर्ध्या किमतीचे चालतील?

हा प्रश्न मोटारीपेक्षाही जुना आहे. ब्रेकचा इतिहास वेगाच्या हौसेने घडला, असा आपला समज असतो. माझ्या मते तो बराचसा उताराने घडवला, आणि त्यातही काटकसर करणाऱ्या माणसांनी. काटकसरीने जसे मोठे शोध लावले, तसेच तिने काही वेळा फार मोठी किंमतही वसूल केली. दोन्ही बाजू पाहायला हव्यात.

आपल्या घाटांवर पूर्वी ब्रेकचा प्रश्नच नव्हता, कारण चाकेच नव्हती. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून घाट चढत-उतरत. बैलाचे चार पाय हाच त्यांचा ब्रेक. बोरघाटात गाडी जाऊ शकेल असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्या वेळी सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते. त्या रस्त्याने व्यापार वाढला, पण एक नवे संकटही आले. भरलेली बैलगाडी उताराला लागली की ओझे बैलांना मागून ढकलू लागते. जू मानेवरून शिंगांकडे सरकते आणि बैल घाबरतात. मग गाडीवानांनी घरचेच उपाय काढले. कोणी मागे एखादा ओंडका किंवा झाडाची फांदी बांधून ती फरफटत नेई, तर कोणी चाकाला आडवे लाकूड दोराने आवळून घासत ठेवी. लाकूड झिजले की दुसरे लावायचे. फुकटचा माल, मजुरीही आपलीच. ‘लायनर बदलणे’ म्हणतात ते याहून फार वेगळे नाही.

रेल्वे आली आणि दावा मोठा झाला. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, आणि त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र होता. आगगाडीसाठी हा भयंकर उतार आहे. त्या काळी प्रत्येक ब्रेकच्या डब्यात माणूस बसे आणि इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळी. वाटेत गाडीची दिशा बदलण्यासाठी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. जानेवारी १८६९ मध्ये एक उतरणारी गाडी आवरली नाही आणि त्या स्थानकाच्या टोकावरून पलीकडे गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस या बावीस वर्षांच्या तरुणाला हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळाले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण जगभर रेल्वेवाल्यांना एकच चिंता खात होती, हे त्यावरून दिसते.

वेस्टिंगहाउसने काही वर्षांनी आपल्या ब्रेकमध्ये जी सुधारणा केली, ती मला मूळ शोधापेक्षाही मोठी वाटते. नळी फुटली किंवा डबे सुटले, तर ब्रेक आपोआप लागला पाहिजे, असे त्याने ठरवले. बिघाड झाला तर गाडी थांबावी, सुटू नये. आपल्याकडच्या रेल्वेने दीर्घकाळ वापरलेल्या व्हॅक्यूम ब्रेकचेही तत्त्व तेच. आजच्या एसटीच्या आणि ट्रकच्या स्प्रिंग ब्रेकमध्येही हवा गेली की स्प्रिंग चाक धरून ठेवते. जीप आणि कार या बाबतीत मागे राहिल्या. ते कसे, ते पुढे येईल.

आता मोटारीकडे वळू. ऑगस्ट १८८८. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी तीनचाकी मोटार बनवली होती, पण ती विकत घ्यायला कोणी पुढे येत नव्हते. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ एके दिवशी पहाटे दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, ती गाडी बाहेर काढून निघाल्या. मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कोणी केला नव्हता. वाटेत इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. उतारावर मात्र वेगळीच अडचण आली. चाक धरणारे लाकडाचे ठोकळे घासून घासून संपत आले. बर्थाबाईंनी एका गावी मोच्याला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले.

ब्रेक लायनरचा जन्म असा झाला, असे मानतात. मोटारीच्या इतिहासातली ब्रेकची पहिली सुधारणा कारखान्यात झाली नाही, ती रस्त्याकडेच्या मोच्याकडे झाली, आणि तिचा खर्च एका जोड्याच्या तळव्याएवढा असेल. त्यातली अक्कल पाहा: ठोकळा तोच ठेवायचा, फक्त घासणारा भाग बदलायचा. झिजायचे ते स्वस्त असावे आणि पटकन बदलता यावे. आजचा पॅडसुद्धा याच विचारावर चालतो. लोखंडी पाठीवर चिकटवलेला मसाला झिजतो, पाठ राहते.

दुसरी गोष्ट इंग्लंडातल्या डर्बीशरची. तो भाग डोंगराळ आहे. तिथे हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिले की घोडागाड्या हाकणारे उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट बांधतात. लाकूड घसरते, बूट धरतो. गाडीवानांना ते वर्षानुवर्षे ठाऊक होते, पण कोणी त्याचा माल करून विकला नव्हता. फ्रूडने १८९७ मध्ये घराच्या आवारातल्या शेडमध्ये प्रयोग सुरू केले. विणलेला पट्टा घेऊन त्यात घट्ट होणारे द्रव्य मुरवायचे आणि तो ठोकळ्यावर बसवायचा. पुढे धंदा उभा राहिला तेव्हा त्याने आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट केली, त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे पहिले अक्षर घातले, आणि नाव झाले ‘फेरोडो’. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकना हे नाव लायनरच्या खोक्यावरून पाठ असायचे. त्यामागे घोडागाडीवाल्याचा फाटका बूट होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

फ्रूडच्या पट्ट्याला एक मर्यादा होती. सुती पट्टा तापला की करपतो. लंडनच्या बसगाड्या जड झाल्या, वेग वाढला, तशी ही मर्यादा जाचू लागली. जळत नाही, झिजत नाही आणि स्वस्त मिळते अशी वस्तू हवी होती. ती मिळाली. १९०८ च्या सुमारास फ्रूडने एस्बेस्टोसचे तंतू पितळी तारेबरोबर विणून लायनर केले आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे साऱ्या जगाच्या ब्रेकमध्ये हे खनिज राहिले. ब्रेकसाठी ते अगदी मोजून घडवल्यासारखे होते. तापले तरी पकड सोडत नाही, ड्रमला फार ओरखडत नाही आणि किंमत किरकोळ.

किंमत दुसऱ्यानेच दिली. एस्बेस्टोसचे तंतू इतके बारीक असतात की श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथून निघत नाहीत. वीस-तीस वर्षांनी धाप लागते, फुप्फुसे ताठर होतात, आणि काहींना कर्करोग होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या कामगारांच्या बाबतीत महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि त्याच्या तब्येतीच्या नोंदी निदान चाळीस वर्षे जपून ठेवल्या पाहिजेत, असे त्यात सांगितले. चाळीस वर्षे का, तर रोग तितका उशिरा उगवतो म्हणून. मुंबईतल्या एका एस्बेस्टोस कारखान्यातील कामगारांची डॉक्टरांनी केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत बऱ्याच जणांना एस्बेस्टोसिस असल्याचे आढळले. ब्रिटनने १९९९ मध्ये या खनिजावर बंदी घातली. आपल्याकडे त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही.

हे सांगण्याचे कारण मुंबईचा कारखाना नाही, गॅरेज आहे. ड्रम उघडला की आत काळी भुकटी साठलेली असते. पोरगा फुंकर मारतो किंवा हवेच्या पंपाने ती उडवतो. नामांकित कंपन्यांचे मोटारीचे पॅड आता बहुधा एस्बेस्टोसविरहित असतात आणि खोक्यावर तसे लिहिलेले असते. पण नाव-गाव नसलेल्या लायनरमध्ये काय आहे, ते बघून कळत नाही. ती भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, फुंकू नये. एक बादली पाणी आणि एक चिंधी, खर्च शून्य. ब्रेकच्या दुरुस्तीत याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही, आणि ती गाडीसाठी नसून माणसासाठी आहे.

आता पुन्हा घाटात येऊ आणि थोडे गणित करू. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? गाडीतल्या शक्तीची उष्णता करतो. दुसरे काही नाही. समजा, रिकामी जीप दीड टनाची आहे. तिच्यात पंधरा माणसे आणि दोन पोती घातली, तर ती अडीच टनांवर जाते. ती पाचशे मीटर उंचीवरून खाली आली, तर त्या उतरण्यातून निघणारी उष्णता सुमारे चाळीस लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल. रिकामी जीप असेल तर तेवीस-चोवीस लिटर. ही सगळी उष्णता चार चाकांतल्या काही किलो लोखंडाने पोटात घ्यायची आणि वाऱ्याला द्यायची. इंजिनाने मदत केली तर भार हलका होतो, नाही केली तर सारा ब्रेकवर पडतो. घाटाच्या पायथ्याशी जो करपल्यासारखा वास येतो, तो या हिशेबाचा असतो.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आपल्याकडे मुंबईत जुळवली जाऊ लागली ती स्वातंत्र्याच्या आसपास. मुळात ती ‘महिंद्र अँड मोहम्मद’ कंपनी. यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. त्या जीपला चारही चाकांत नऊ इंची ड्रम होते. बंद डब्यासारखा ड्रम, आतून दोन शू बाहेर दाबले जातात आणि लायनर ड्रमच्या भिंतीला घासतो. चिखल-पाण्याच्या रस्त्याला ही रचना बरी, कमी जोरात चांगली धरते, शिवाय स्वस्त. पण डब्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. लायनर तापला की त्यातले राळेसारखे द्रव्य सुटून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. पॅडल तेवढाच दाबला, पण गाडी धरत नाही. सैनिकांसाठी केलेल्या या गाडीच्या वंशजांनी पुढे खेड्यापाड्यांत काळी-पिवळी बनून किती माणसे वाहिली, त्याला हिशेब नाही. ड्रमची मर्यादा मात्र तीच राहिली.

जीपचा दुसरा दोष अधिक गंभीर होता. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक माल्कम लॉकहीड यांनी आणला आणि तो १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग गाडीत बसला. विमानांसाठी प्रसिद्ध असलेले लॉकहीड ते हेच घराणे. एकाच पॅडलने चारही चाकांना सारखा दाब मिळू लागला, ही मोठी गोष्ट होती. पण वेस्टिंगहाउसचा धडा मोटारवाल्यांनी घेतला नाही. नळी फुटली तर रेल्वेचा ब्रेक लागतो, आणि जीपचा ब्रेक जातो! जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच नळीजाल होते. कुठेही गळती झाली की पॅडल फळीला टेकलाच. एक जाल गेले तरी दुसरे चालावे, अशी दुहेरी व्यवस्था अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली. आपल्याकडे ती सावकाश पसरली. एखाद्या जुन्या गाडीत अजूनही एकेरी मास्टर सिलिंडर असेल, तर तो बदलून दुहेरी करून घेणे हा पैशाचा पहिला उपयोग आहे. चकचकीत डिस्कचा विचार त्यानंतर.

आणि त्याआधीही एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपण जिला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, ते ऑइल नाही. हा शब्द गॅरेजमध्ये रूढ झाला आणि त्याने नुकसान केले, कारण डबी संपली तर इंजिनचे थोडे तेल ओतायला काय हरकत आहे, असे एखाद्याला वाटते. ते ओतले की रबरी सील फुगतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो. या द्रवाला हवेतली ओल शोषून घेण्याची खोड आहे. सातपुड्यातल्या दोन पावसाळ्यांत ते बरेच पाणी पिते. नवे ‘डॉट ३’ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ती मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना चाकाजवळचा हा द्रव उकळला तर त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे देत नाही. पॅडल एकाएकी मऊ होतो. गाडी गार झाल्यावर मेकॅनिक तपासतो तेव्हा सगळे ठीक असते, आणि ‘ब्रेक फेल’ म्हणणारा ड्रायव्हर खोटा ठरतो. दोन वर्षांनी एकदा हा द्रव पूर्ण काढून नवा भरायचा आणि नीट हवा काढून घ्यायची, एवढ्याने जुन्या गाडीचा घाटातला ब्रेक जितका सुधारतो, तितका दुसऱ्या कशानेही एवढ्या पैशांत सुधारत नाही.

डिस्क ब्रेक नवा वाटतो, पण त्याचे पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतले होते. उघडी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. सायकलच्या ब्रेकचाच भाऊ. लँचेस्टर यांनी पॅडला तांबे वापरले. ते किंचाळत असे आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यावर भराभर झिजे. कल्पना बरोबर, घासणारा माल चूक, म्हणून ती पन्नास वर्षे पडून राहिली. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. इतर गाड्यांचे ड्रम तापून ढिले पडत होते. जॅग्वारचे चालक मात्र वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत ब्रेकला हात लावत नव्हते. दोनच वर्षांनी सित्रोएनने डिस्क ब्रेक घरगुती गाडीत आणला. आपल्या पद्मिनीला आणि बरीच वर्षे अँबेसेडरलाही ड्रमच होते. पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम, ही जोडी आपल्याकडे मारुतीच्या जमान्यात सर्वत्र झाली. तीही काटकसरच, पण शहाणी. ब्रेक लावला की वजन पुढे झुकते आणि उतारावर आणखीच झुकते. थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. म्हणून पैसा पुढे घातला.

डिस्कच्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. शंभर वर्षांत मोटारीतले बहुतेक धातू बदलले, पण डिस्क आणि ड्रम अजून साध्या बिडाचे आहेत. ज्या ओतीव लोखंडाचे चरकाचे आणि पंपाचे भाग कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ओतले गेले, त्याच जातीचे. बिडात ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्या असतात. त्या उष्णता लवकर वाहून नेतात आणि आवाज मारतात. ओतायला सोपे, तासायला सोपे आणि पोलादापेक्षा स्वस्त. स्वस्त वस्तूच सर्वांत योग्य निघावी, असा योग क्वचित येतो.

त्यामुळे डिस्कवर पैसे उधळण्याचे कारण फारसे नाही. भोके पाडलेल्या, खाचा मारलेल्या डिस्क आता लहान गावांतल्या दुकानांतही दिसतात. जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू निघत, त्यांना वाट मिळावी म्हणून भोके पाडण्याची रीत शर्यतीच्या गाड्यांत आली. आजच्या चांगल्या पॅडना त्याची बहुधा गरज नसते, आणि हलक्या प्रतीच्या डिस्कला भोकापासूनच तडा जातो. खरा फायदा होतो तो मध्ये पोकळी असलेल्या डिस्कचा, कारण तिच्यातून हवा खेळते. पण ती जाड असते, आणि गाडीचा कॅलिपर तिच्यासाठी बनलेला असला तरच बसते. ओढूनताणून बसवू नये. जुनी डिस्क टाकण्याआधी तिची जाडी मोजावी. किती जाडीखाली ती वापरू नये, तो आकडा बऱ्याच डिस्कच्या कडेला कोरलेलाच असतो. जाडी पुरेशी असून नुसत्या रेघा पडल्या असतील, तर लेथवर तासून घेतली तरी चालते. आकड्याच्या खाली गेली असेल, तर तासणे म्हणजे उष्णता साठवणारे लोखंडच कमी करणे. ती बदलायलाच हवी, आणि दोन्ही बाजूंची एकदम, नाही तर गाडी एका अंगाला ओढते.

पॅड आणि लायनरच्या बाबतीत फसगत अधिक होते. अर्ध्या किमतीचा पॅड दुप्पट दिवस टिकला, म्हणून खूश होणारे लोक मी पाहिले आहेत. तो टिकला, कारण तो कडक आहे. कडक पॅड कमी झिजतो, कमी धरतो आणि डिस्क खातो. झिजणे हे पॅडचे काम आहे, हे बर्थाबाईंच्या मोच्याला कळले होते. ब्रेक लायनिंगसाठी भारतीय मानक आहे, आयएस २७४२ या क्रमांकाचे. कंपनीचे नाव, बनवल्याची तारीख आणि मानकाचा उल्लेख खोक्यावर शोधावा, पक्के बिल मागावे. बिल द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर माल तिथेच सोडावा. नवे पॅड बसवले की लगेच भरलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नये. सपाट रस्त्यावर हलके-हलके ब्रेक लावत दोन-तीनशे किलोमीटर चालवावी, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांच्या अंगवळणी पडतात.

काटकसरीचा एक प्रकार मात्र सरळ घातकी आहे. उताराला गाडी न्यूट्रल करून, कोणी तर इंजिन बंद करून, डिझेल वाचवतात. इंजिन बंद केले की ब्रेकला जोर देणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन पॅडलांतच संपते. आणि न्यूट्रलमध्ये वाचते काय? गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की आजच्या इंजिनात इंधन जवळजवळ बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागते. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी ज्याने गाडी मोकळी सोडली, त्याने थोडे जास्तच जाळले, आणि चाळीस लिटर पाणी उकळवण्याचे सारे काम बिचाऱ्या ब्रेकवर टाकले. ज्या गिअरने घाट चढलो, त्याच गिअरने उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच कारणाने खरा आहे. बोरघाटात आजही उतरणीआधी रेल्वेगाडीच्या ब्रेकची परीक्षा घेतात. मोटारीला असा सक्तीचा थांबा नाही. देवगोईच्या माथ्यावर एक मिनिट थांबून पॅडल दाबून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

तापलेल्या चाकावर पाणी ओतायची सवयही मोडायला हवी. बीड एकदम गार झाले की तडकते. पाणी न ओतता गाडी सावलीत उभी करून वाऱ्याने निवू द्यावी. अर्धा तास जातो. प्रवासी कुरकुर करतात, मागून दुसरी गाडी येऊन पुढे निघून जाते, त्या फेरीचे भाडे तिला मिळते. ड्रायव्हरचा खरा हिशेब इथे अडतो, लायनरच्या किमतीत नाही. पंधरा माणसे कमी करून नऊ नेली तर उष्णता कमी होते आणि कमाईही कमी होते. मोलगीहून निघणाऱ्या एसटीच्या फेऱ्या माणसांना पुरल्या असत्या, तर एवढी माणसे एका जीपला लटकली नसती. याची जबाबदारी एकट्या ड्रायव्हरवर टाकून मोकळे होता येणार नाही.

घाटात एखादी गाडी तापून थांबली की क्लीनर उडी मारून पहिल्यांदा दगड शोधतो आणि चाकाला लावतो. हा सर्वांत जुना ब्रेक. त्याला तेल लागत नाही, पॅड लागत नाही. गाडी गार होते, माणसे परत चढतात, इंजिन सुरू होते. दगड उचलून बाजूला टाकण्याचे मात्र घाईत राहून जाते. तो वळणावर तसाच पडून असतो, आणि रात्री उतरणाऱ्या पुढच्या गाडीला तो दिव्यात दिसतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.